‘येते’ म्हणणाऱ्या घरातला बाक

मित्रांनो, घरात शिरल्यावर बूट काढायला तुम्ही ज्याच्यावर धपकन बसता आणि उठून जाताना ज्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही, तो दाराजवळचा जुना बाक म्हणजे मी. आज जरा बघा माझ्याकडे. बसायची फळी काळपट आणि पाय फिकट पिवळे. एका पाहुण्यांनी मला बघून विचारलं होतं, "हा बाक आहे की उरलंसुरलं लाकूड?" तेव्हा ते माझ्यावरच बसले होते.

माझी फळी आईच्या माहेरच्या पलंगाची. लग्न करून ती इतक्या लांब आली की अख्खा पलंग आणणं शक्यच नव्हतं, म्हणून उशाकडची एक फळी तेवढी तिने उचलून आणली. पाय मात्र इथल्या लाकडाचे. बाबांचे वडील सुतार. ते माझे कर्ते. त्यांनी फळीवर बोटाने टकटक केलं, पायांच्या लाकडावर केलं आणि मान हलवली. "यांचं जमायचं नाही. एक फुगेल, दुसरं आकसेल. सांध्यात मोडणार बघ."

बाबांनी हे आईला तिच्या भाषेत सांगितलं. आई म्हणाली, "लाकडाबद्दलच बोलताहेत ना ते?"

बाबांना एकदम खोकला आला.

तरीही आजोबांनी मला घडवलं. एकही खिळा मारला नाही. सांध्यांमध्ये लाकडाला हलायला केसभर जागा ठेवली. मी अजून मोडलेलो नाही. हे मी मुद्दाम सांगतोय.

मग घरात मुलगी आली. एका जागी ठरायची नाही, म्हणून तिचं नाव पडलं भिंगरी. माझ्यावर बसूनच ती बोलायला शिकली. आई बूट चढवायची तेव्हा नाडी, गाठ, टाच. बाबा चढवायचे तेव्हा त्याच वस्तूंना वेगळी नावं. भिंगरीला यात काही विशेष वाटलं नाही. तिला स्वतःला तरी कुठे एकच नाव होतं? सुट्टीच्या दिवशी आई तिला मांडीवर घेऊन माझ्यावर बसायची आणि तिकडच्या आजीला फोन लावायची. आजी विचारायची, "काय गं, जेवलीस का?" त्यावर भिंगरी काय काय खाल्लं आणि काय काय सांडलं ते सगळं सांगायची.

आणि दाराशी एक शब्द कायम ठरलेला. आईने तिला शिकवलं होतं, "निघताना ‘जाते’ म्हणायचं नाही गं बाळा. ‘येते’ म्हणायचं. म्हणजे परत येणार."

भिंगरीने तो नियम जपला. इतका जपला, की बाबांच्या भाषेतही नेला. शाळा सुटल्यावर ती वर्गाच्या दारात उभी राहिली आणि बाबांच्या भाषेत बाईंना म्हणाली, "मी येते." आता त्या भाषेत ‘येते’ म्हणजे खरंच येते, आत्ता, इथे. बाई बिचाऱ्या हातात कुलूप घेऊन थांबल्या. मैदानात हाका मारून आल्या, स्वच्छतागृहं बघून आल्या, शेवटी घाबरून घरी फोन केला. तेव्हा भिंगरी माझ्यावर बसून पाय हलवत केळं खात होती.

दुसऱ्या दिवशी बाईंनी आई-बाबांना बोलावलं. मूल दोन भाषांत गोंधळतंय, घरी एकच बोला, इथली, असं सांगितलं. बाबांच्या ताईला, म्हणजे भिंगरीच्या आत्याला, हे ऐकून बरंच वाटलं. "मी काय ओरडून सांगत होते इतके दिवस?" ती म्हणाली. "लेकराच्या डोक्यात किती कोंबायचं?"

आई घाबरली. लेकीचं नुकसान आपल्यामुळे होतंय, असं म्हटल्यावर कोणती आई घाबरणार नाही? तिने स्वतःची भाषा गुंडाळून ठेवली. बाबांच्या भाषेत ती बोलायची, पण तोलूनमापून, परक्याच्या घरी खुर्चीच्या कडेवर बसल्यासारखी. त्या भाषेत तिला धड रागावता येईना, धड लाड करता येईनात. आजीच्या फोनवर भिंगरी गप्प. "जेवलीस का?" म्हटलं की नुसती मान हलवायची. मान काही फोनमधून ऐकू जात नाही. मग फोनही कमी झाले. माझ्यावर कुणी टेकेना. रद्दी आली, छत्र्या आल्या, एक बिघडलेला पंखाही येऊन बसला. मी सामान ठेवायची जागा झालो.

मग एका सकाळी आई कामाला निघाली. दाराशी थांबून तिने बाबांच्या भाषेत, अगदी बरोबर उच्चार करून म्हटलं, "मी जाते."

भिंगरीच्या हातातला पेला खाली पडला. ती धावत आली, माझ्यावरची रद्दी, छत्र्या सगळं ढकलून वर चढली आणि आईच्या गळ्यात पडली. "जाते नाही म्हणायचं! कुठे जातेस? येणार नाहीस का परत?" सगळं आईच्या भाषेत. इतके महिने दाबून ठेवलेलं एका दमात बाहेर आलं.

आई माझ्यावर मटकन बसली.

आत्या तेव्हा घरातच होती. "काय म्हणतेय ती? बघ, पुन्हा गोंधळ झाला ना तिचा!"

"तिचा नाही हो ताई," आई म्हणाली. "माझा झाला होता."

गालांना दाढीचा फेस तसाच ठेवून बाबा आतून आले. लेकीसमोर खाली बसले आणि आईच्या भाषेत म्हणाले, "आई येते. मी पण येते. सगळे येते."

बाबा ती भाषा आईकडून शिकलेले. त्यामुळे आई बोलायची तसंच बोलायचे. भिंगरी रडता रडता हसायला लागली. "येते नाही बाबा, येतो! तू मुलगी आहेस का?"

"मग इतकी वर्षं कुणी सांगितलं का नाही मला?" बाबा म्हणाले.

"गोड वाटायचं," आई म्हणाली.

त्याच दिवशी दुपारी आई शाळेत जायला निघाली. आधी माझ्यावर बसून तिने बाबांच्या भाषेत सराव केला. "तिने त्या दिवशी तुम्हाला वाट बघायला लावली, त्याबद्दल ती माफी मागेल. शब्दाबद्दल मागणार नाही. आमच्या घरात दोन्ही भाषा राहतील."

"आई, ‘राहतील’ चुकलं," भिंगरी बुटाची नाडी ओढत म्हणाली. "पुन्हा म्हण."

आईने पुन्हा म्हटलं. भिंगरीने पुन्हा चूक काढली. गोंधळलेलं म्हणतात ते मूल हेच का, असा मला प्रश्न पडला.

संध्याकाळी दोघी परतल्या. बाबांनी विचारलं, "बाई काय म्हणाल्या?"

"त्यांना अजूनही पटलेलं नाही. नुकसान होईल म्हणाल्या."

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, झालं तर आम्ही बघून घेऊ." आईने पायातले बूट भिरकावले. "आणि ‘राहतील’ बरोबर आलं."

मित्रांनो, कुणी तुम्हाला अर्धे इकडचे, अर्धे तिकडचे म्हणालं, तर मान खाली घालू नका. अर्ध्या बाकावर कुणालाच बसता येत नाही, आणि माझ्यावर तर रोज अख्खं घर बसतं. माझी एवढीच विनंती आहे. माझ्यावर रद्दी साठवू नका. बसा. कुठेतरी लांब एखादी आजी फोनशेजारी बसलेली असेल, तिला फोन लावा आणि तिच्या भाषेत बोला. चुकाल, तर खुशाल चुका. पण मोठ्याने चुका, म्हणजे तिला ऐकू जाईल.