उजवीकडचे दोन पाय

आमच्या कोरगावच्या वाचनालयात माशांची पेटी ठेवायची ही कल्पना सत्यवतीबाईंची. त्यांचे यजमान रोज सकाळी तिथे वर्तमानपत्र वाचायला येत आणि वाचून झालं तरी तासभर उठत नसत. ते गेल्यावर बाई म्हणाल्या, त्यांच्या नावाने काहीतरी जिवंत ठेवूया, पुस्तकं काय, आहेतच. मी तिथला ग्रंथपाल. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती, पण दुसरं कोणी मिळेना म्हणून किल्ली माझ्याकडेच राहिली होती. "पुस्तकं काय, आहेतच" हे मला जरा लागलं होतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी जे केलं त्यात त्या लागण्याचा काही वाटा होता की नव्हता, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

चार फुटांची काचेची पेटी म्हापशाहून आली. तिच्यासाठी लाकडी घडवंची करण्यात अर्थ नव्हता. गोवा राज्य झालं त्या वर्षीच्या वर्तमानपत्रांचं आमचं कपाट वाळवीने खाल्लं, त्यालाही तेव्हा दहा वर्षं होऊन गेली होती. त्यातून बचावलेले बांधीव खंड मी भिंतीकडच्या खालच्या फळीवर ठेवले होते.

"अ‍ॅल्युमिनियमाचो करूंया," समितीचा अध्यक्ष शंभू म्हणाला. शंभू माझा शाळासोबती, आवाज मात्र माझ्या चौपट. "दिवचले एक घाटी आसा. काम बरें करता म्हणटात. हें बरें केलें जाल्यार आमच्यो सय जनेलांय ताकाच दिवंया."

आमच्या सहा खिडक्या खरंच बदलायला झाल्या होत्या. दिवचल म्हणजे डिचोली, आणि घाटी म्हणजे घाटावरून आलेला; आमच्याकडे हा शब्द कौतुकाने कोणी वापरत नाही.

केरबा रविवारी आला. मूळचा आजऱ्याकडचा, वय पंचेचाळीसच्या आसपास. डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत बारा वर्षं यंत्रांचे सांगाडे जोडून त्याने आता स्वतःचा छोटा गाळा घेतला होता. चारही बाजूंना खाच असलेले चौकोनी दांडे त्याने मापाने कापूनच आणले होते. मला वाटलं, आता ठिणग्या उडणार, म्हणून मी पुस्तकांवर चादर टाकायला निघालो.

"वेल्डिंग न्हाई सर," तो हसून म्हणाला. "खाचेत नट सरकवायचा, कोपऱ्याला अँगल द्यायचा आणि आवळायचं. चुकलं तर सोडवता येतंय. वेल्डिंगचं चुकलं की चुकलंच."

मी खुर्ची घेऊन जवळच बसलो. हाताने काम करणारी माणसं बघायला मला आवडतं. स्वतः मी खिळाही सरळ ठोकू शकत नाही. प्रत्येक नट आवळला की केरबा खिशातून लाल मार्कर काढायचा आणि नटावरून खाली दांड्यावर उतरेल अशी एक बारीक रेघ मारायचा.

"ही कशाला?"

"आवळल्याची खूण. नट हलला की रेघ तुटती. मग कळतंय कुठलं ढिलं पडलं."

"कोणी हलवला तेही कळतं?" मी उगाच विचारलं.

"ते रेघेला कुठलं ठावं!"

सांगाड्याला आट्यांवर फिरवून लांब-आखूड करता येणारे चार पाय होते. वर पाणसळ ठेवून तो एकेक पाय वर-खाली करत राहिला. उजवीकडचे दोन पाय त्याने बरेच बाहेर काढले. "जमीन तुमची नाचतीया सर," म्हणाला. मग त्यांच्या नटांवरही रेघा मारल्या. दुपारी आम्ही माझ्या टेबलाशी बसून चहा आणि पाव घेतला. मुलगी बारावीत आहे आणि खूप वाचते, असं तो सांगत होता. तिच्यासाठी मी एक कथासंग्रह काढून दिला. संध्याकाळपर्यंत त्याने तिन्ही बाजूंना राखाडी पत्रे लावले आणि पुढच्या पत्र्याला दार केलं. शेजारच्या दोघांना बोलावून त्यावर आम्ही चौघांनी रिकामी पेटी चढवली. पत्र्याची खालची कड डावीकडे जमिनीला टेकत होती आणि उजवीकडे दोन बोटं फट राहिली होती.

"फट राहू दे," केरबा म्हणाला. "पत्रा जमिनीशी न्हाई जुळवायचा, पाण्याशी जुळवायचा. पुढच्या रविवारी रबराची पट्टी आणून झाकतो."

पण पाणी गुरुवारी भरायचं होतं, कारण त्या दिवशी सत्यवतीबाईंच्या यजमानांचं वर्षश्राद्ध होतं.

सोमवारी सकाळी बाई बघायला आल्या. पेटीला एक फेरी घातली. मग म्हणाल्या, "भाई, हें सकयल वांकडें कित्याक दिसता? तांकां वांकडें कांयच सोंसनासलें."

यजमानांना वाकडं काहीच सोसत नसे, हे मलाही माहीत होतं. खालची फट झाकायला केरबा येऊन पट्टी लावणार आहे, एवढंच मला सांगायचं होतं. मी म्हटलं, "बघतो."

माणसं समोर असली की मला नाही म्हणता येत नाही, आणि ती गेली की आपण नाही म्हटलं नाही याचा राग येतो. त्या रागाच्या भरात मी स्कूटरच्या पेटीतला पाना काढला, पत्र्याचं दार उघडलं आणि गुडघ्यांवर बसलो. उजवीकडच्या पुढच्या पायाचा नट सोडून पाय दहा आटे आत फिरवला. मागच्या पायाशी हात नीट पोचेना, म्हणून तो सहा-सातच आटे फिरवला. नट पुन्हा आवळले. बाहेर येऊन बघतो तर पत्रा जमिनीला अगदी छान बसला होता. मला आनंद झाला. आपल्या हाताने काहीतरी जमलं, असं वाटलं.

जमीन का नाचते हे केरबाला माहीत असण्याचं कारण नव्हतं. मला होतं. आमचं वाचनालय म्हणजे देवळाची जुनी अग्रशाळा, जेवणावळींची जागा. पंक्ती उठल्या की बादल्यांनी पाणी ओतून धुवायची, म्हणून तिची जमीन दाराकडे उतरती केलेली आहे. लहानपणी मी तिथेच जेवलो आहे. पानात वाढलेली सोलकढी नेहमी उजवीकडे पळायची आणि आम्ही तिला भाताचे बांध घालायचो. साठ वर्षं माहीत असलेली ही गोष्ट त्या सोमवारी मला आठवली नाही. निदान तेव्हा आठवली नाही असं मी स्वतःला सांगतो.

गुरुवारी पाणी भरलं, मासे सोडले, आणि पाणी डावीकडे काचेच्या कडेपासून जेवढं खाली होतं, त्याहून उजवीकडे दोन बोटं वर दिसलं. पाणी खोटं दाखवत नाही. मी बाईंच्या यजमानांच्या नावाची सोनेरी पट्टी करून आणली होती. ती खाली, पत्र्यावर लावायची ठरली होती. मी ती वर काचेवर, पाण्याची रेषा झाकली जाईल अशी लावली. "हांगा बरी दिसता," बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. मी नमस्कार करून पुस्तकांच्या खोलीत गेलो.

रविवारी पाऊस होता, केरबा आला नाही. रबराच्या पट्टीची मी त्याला आठवण केली नाही. तो येऊच नये असं मला वाटत होतं.

पाणी भरल्यापासून अकराव्या दिवशी, दुपारी चार वाजता वाचनालय उघडलं तेव्हा पाणी दाराबाहेर पायरीवर आलं होतं. उजवीकडचा पुढचा पाय मागच्याहून खाली गेल्याने पेटीला पीळ बसला होता, आणि तिचा पुढचा सांधा वरपासून तळाच्या जवळपर्यंत सुटला होता. तळाशी राहिलेल्या चार बोटं पाण्यात तीन मासे कसेबसे हलत होते. बाकीचे जमिनीवर पडले होते. भिंतीकडचे बांधीव खंड भिजून फुगले होते. मी तिन्ही मासे पाण्याच्या कळशीत टाकले, आणि मग कितीतरी वेळ बाकीचे वेचत राहिलो.

शंभू आला आणि त्याने अख्ख्या गावाला ऐकू जाईल असं म्हटलं, "घाट्याक काम दिलां मरे, आनी कितें जातलें!"

मी कळशी उचलून आत नेली.

दुसऱ्या दिवशी केरबा आला. शंभू, बाई आणि मी उभे होतो. त्याने पत्र्याचं दार उघडलं, विजेरी घेऊन आत वाकला आणि ती एकेका पायावर फिरवली. बाहेर आला तेव्हा त्याने एकदाच माझ्याकडे बघितलं. मी भिंतीकडे बघत होतो.

"कितें जालें?" शंभूने विचारलं.

"माझ्याकडनंच काय तरी राहिलं असंल," केरबा म्हणाला. "काच परत बसवून देतो."

"आनी जनेलांचें विसर."

केरबाने मान हलवली, पत्र्याचं दार लावलं आणि गेला.

सगळे गेल्यावर मी विजेरी घेऊन आत डोकावलो. डावीकडच्या पायांवरच्या रेघा नटावरून दांड्यापर्यंत सरळ उतरल्या होत्या. उजवीकडच्या दोन्ही तुटल्या होत्या. पुढच्या नटावरचा लाल तुकडा पार भिंतीकडे तोंड करून होता. म्हणजे केरबाला कळलं होतं. नट आपोआप ढिले होऊन पुन्हा इतके घट्ट होत नाहीत, आणि वाचनालयाची किल्ली एकाच माणसाकडे असते.

पुढचे तीन दिवस मी भिजलेल्या खंडांची पानं सुटी करत होतो. राजभाषेच्या आंदोलनाच्या बातम्या, मोर्चे, भाषेवरून एकमेकांना लिहिलेली खरमरीत पत्रं. त्यातली दोन माझी होती. कागदावर मी किती धीट होतो!

समितीची बैठक रविवारी होती. खिडक्यांचं काम म्हापशाच्या माणसाला द्यायचं, असा विषय होता. काय बोलायचं ते मी कागदावर लिहून नेलं होतं. कागद काढला, घडी उलगडली आणि पुन्हा घातली.

"कितें रे भाई? परत बुकां वाळोवंक मनीस जाय?" शंभू म्हणाला. सगळे हसले.

मी उठलो, पेटीखालचं दार उघडलं आणि विजेरी शंभूच्या हातात दिली. "वाकून बघ."

"ह्या पोटान?" असं म्हणत तो बसला. "तांबडें कितें हें?"

तेव्हा मी सांगितलं. दहा आटे, सहा-सात आटे, सोनेरी पट्टी, सगळं. जमिनीकडे बघत सांगितलं.

"म्हणजे म्हज्या सांगण्यान जालें?" सत्यवतीबाईंनी विचारलं.

"नाही. तुम्ही फक्त विचारलंत. केलं मी. झाकलंही मी, तेही त्यांच्या नावाने."

शंभू कसाबसा उठला. "भाई, तूं आनी पानो!" म्हणून त्याने हसून बघितलं, पण दुसरं कोणी हसलं नाही. मग तो हळू आवाजात म्हणाला, "सोड. ताणें स्वताच कबूल केलां न्हय? तुजें नांव कित्याक पाड करप?"

दोष केरबावरच राहू द्यायचा, माझं नाव खराब करायचं नाही, हे ऐकून मला क्षणभर बरं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण वाटलं.

बैठकीचं इतिवृत्त मीच लिहितो. "शंभू, मी हे लिहून घेतोय," एवढं म्हणालो आणि खाली बसून लिहू लागलो. पेटी फुटण्याचा दोष ग्रंथपालाचा. पेन कागदावर आल्यावर कुठे अडलं नाही. खिडक्यांच्या विषयापाशी थांबलो, तेव्हा बाई म्हणाल्या, "थंय केरबाचें नांव बरयात." मी ते नाव लिहिलं. शंभूने हात झटकला, पण विरोध केला नाही.

सोमवारी म्हापशाला बस बदलून मी डिचोलीला गेलो. केरबा गाळ्यात दांडे कापत होता. त्याने यंत्र बंद केलं, पण बस म्हणाला नाही. मी उभ्यानेच सगळं सांगितलं.

"मला कळलं हुतं सर," तो म्हणाला. "वयस्कर माणूस, चारचौघांत नको म्हणून मी गप बसलो. म्हटलं, सर सांगतील." मग हातातला दांडा पुसत म्हणाला, "तुम्ही पाय फिरवलासा त्याचं काय न्हाई. माणूस फिरवतोय. मी घाटी म्हणून सगळं ऐकून घेतलं, आणि तुम्ही भिंतीकडं बघत हुतासा."

मी खिडक्यांच्या ठरावाची नक्कल त्याच्यापुढे ठेवली.

त्याने काच बसवली, पाय पुन्हा पाण्याशी जुळवले, नव्या रेघा मारल्या. सहा खिडक्याही केल्या, त्यांच्या प्रत्येक नटावर तशीच लाल रेघ आहे. फटीला रबराची पट्टी लावू का, असं त्याने विचारलं. मी नको म्हटलं. आता पत्र्याखाली उजवीकडे दोन बोटं फट दिसते, आणि नवीन येणारा प्रत्येक माणूस ती वाकडी का आहे हे विचारतो. मी सांगतो. प्रत्येक वेळी पूर्ण सांगतोच असं नाही.

खिडक्यांच्या कामाचे चार दिवस मी रोज दुपारी टेबलावर दोन कप चहा मांडत असे. केरबा आपला कप उचलून बाहेर पायरीवर जाऊन प्यायचा. शेवटच्या दिवशी त्याने पिशवीतून तो कथासंग्रह काढून टेबलावर ठेवला.

"पोरीनं वाचला," म्हणाला. "परत करायची तारीख उलटली हुती."

"तिला दुसरा देऊ?"

त्याने खिडकीची काच सरकवून बघितली. सहज सरकली.

"ती येईल तेव्हा द्या," तो म्हणाला, आणि हत्यारं गोळा करू लागला.