रुमालाखालचा हात

रुमालाखाली जगदेवसेठनं धम्मदीपाची तीन बोटं धरली आणि तिच्या हातानं ती सोडवून घेतली. तिचं स्वतःचं विचाराल तर तीन बोटांना ती 'हो' म्हणणार होती. मानही डोलायला निघाली होती, पण हात आधीच नाही म्हणून मोकळा झाला होता.

वाशिमच्या एका मंगल कार्यालयात खरेदीदार आणि शेतकरी यांचा मेळावा भरला होता. स्टेजवर एक साहेब 'नेटवर्किंग' या विषयावर अर्ध्या तासापासून बोलत होते आणि खाली कुणी ऐकत नव्हतं, कारण जो तो आपापल्या टेबलावर तेच करत होता. कंपन्यांची पोरं टॅबवर भाव दाखवत होती. अकोल्याचा म्हातारा जगदेवसेठ मात्र खांद्यावरचा रुमाल दोघांच्या हातांवर टाकून बसला होता. शेजारच्याला भाव कळू नये म्हणून बैलबाजारात करतात, तसा सौदा. क्विंटलमागे दहा हजार धरूनच चालायचं, वरचे हजार बोटांनी सांगायचे. एक बोट धरलं की एक, पंजा दाबला की पाच. तोंडानं मात्र इकडच्या तिकडच्या गप्पा.

"ऊन लय लवकर तापलं यंदा," म्हणत जगदेवसेठनं पुन्हा तीनच बोटं धरली.

"हो ना," धम्मदीपा म्हणाली.

तिचा हात सेठच्या पंजावर अलगद टेकला. अंगठ्यानं त्याच्या तळव्यावर एक रेघ ओढली, मनगटापासून करंगळीपर्यंत, सावकाश. ही रेघ तिला कुणी शिकवली नव्हती. सेठचं बोलणं तुटलं. त्यानं चौथं बोट धरलं आणि रुमाल उचलला.

"चौदा," तो म्हणाला. "गफ्फारभाईपाशी शिकल्या काय तुमी?"

"हो. आमच्या गटाचे मार्गदर्शक हायेत ते."

"शिकून एवढं येत नाई, बाई." सेठ आपला तळवा धोतराला पुसत होता. "तीस वर्सं धरला म्या तो हात. तोच हाये हा."

तिनं ते कौतुक म्हणून घेतलं आणि सहा क्विंटलची पावती पर्समध्ये ठेवली.

इंझोरीच्या बारा बायांनी गेल्या हिवाळ्यात हरभऱ्याऐवजी चिया पेरला होता, तो धम्मदीपाच्या भरवशावर. गावानं चेष्टा करायची ती केली. चियाचं नाव ऐकून पारावरची माणसं म्हणाली, हे काय, खायचं की अंगाला लावायचं? पीक बरं आलं. विकायचं कुठं, हा प्रश्न होता. जिल्ह्याच्या कार्यालयानं प्रत्येक गटाला एक मार्गदर्शक निवडायला यादी दिली. मानोऱ्याची गाडी उशिरा पोचली आणि धम्मदीपाच्या वाट्याला उरलंसुरलं आलं. निवृत्त अधिकारी, कंपन्यांचे मॅनेजर सगळे गेले होते. यादीच्या तळाला एकच नाव शिल्लक होतं: शेख गफ्फार, कामरगाव, अनुभव बैलबाजार.

बाकीच्या गटांना त्यांचे मार्गदर्शक रोज सकाळी मोबाइलवर फुलांची चित्रं पाठवत. गफ्फारचाचांकडे तसला मोबाइलच नव्हता. पण रिसोडपासून अमरावतीपर्यंत कोणता व्यापारी उन्हाळ्यात माल भरतो, कोण वजनात मारतो, कोणाच्या पोराचं लग्न ठरल्यामुळे त्याचा हात सध्या सैल आहे, हे सगळं त्या माणसाच्या डोक्यात होतं. "माल मागून दाखव, आधी माणूस वळख," ते म्हणत. भाव सांगितल्यावर गप्प कसं बसायचं, हेही त्यांनीच शिकवलं. धम्मदीपाला ते सगळ्यात जड गेलं.

माघात एकदा त्यांनी तिला ओसरीवर समोर बसवलं, हातावर रुमाल टाकला आणि तिचा उजवा हात आपल्या उजव्या हातात घेतला. बोटांची भाषा तिला तोवर आली होती. त्या दिवशी त्यांनी काहीच विचारलं नाही. चहा निवेपर्यंत नुसता हात धरून ठेवला. मग म्हणाले, "आता हा तुहा." त्यांनी रुमाल काढून घेतला, हात मांडीवर ठेवला, तरी धम्मदीपाला वाटत राहिलं की धरलेला हात सुटलेलाच नाही.

त्यानंतर बारीकसारीक गोष्टी घडायला लागल्या. बाजारात एका मारक्या बैलाजवळून जाताना तिचा हात त्याच्या वशिंडावर गेला, आणि मालकालाही जवळ येऊ न देणारा तो बैल मान खाली घालून उभा राहिला. एसटीत बसली की अंगठा आपोआप बोटांच्या पेरांवरून फिरे. एक, दोन, तीन, पुढचं बोट.

"ताई, काय मोजून राह्यली?" शेजारी बसलेल्या, गटातल्या नितानं एकदा विचारलं.

"काई तं नाई," ती म्हणाली आणि हात पदराखाली घेतला. नमाजनंतर चाचा ओसरीवर बसून असेच पेरांवर मोजत, हे तिला आठवलं. सहवासानं लकब लागते, असं तिनं स्वतःला समजावलं. समजूत घालण्यात माणूस मोठा पटाईत असतो.

मेळाव्यानंतर दोन दिवसांनी ती पेढे घेऊन कामरगावला गेली. चाचा खाटेवर बसले होते. उजव्या हातावर टॉवेल पांघरलेला होता. तिनं पेढा पुढे केला. खायच्या वस्तूला डावा हात लावत नाहीत म्हणून त्यांनी तो उचलला नाही, उजवा तर हललाच नाही. त्यांची बायको रहमतबी पुढे झाली आणि तिनं पेढा त्यांच्या तोंडात घातला.

"हाताले काय झालं, चाचा?"

"काई नाई. झोपला हाये." आणि लगेच, "किती दाबले जगदेवनं?"

"चार."

त्यांचे डोळे लकाकले. ते इतके खूश झाले की तिला टॉवेलाकडे पाहायची चोरी वाटली.

रहमतबी तिला दारापर्यंत सोडायला आली. मुलगा एजाज अकोल्याला नेऊन आला होता, यंत्रातून काढलं होतं, सुया टोचल्या होत्या. "डाक्टर म्हन्ते हात चांगला हाये. चांगला हाये तं मंग हालत काहून नाई?" मग आवाज खाली आणून तिनं विचारलं, "बेटा, मंगळवारी दुपारी अडीच वाजता तू कुठं होती?"

"वाशिमले. मेळाव्यात."

"अडीच वाजता त्यायच्या हातातून कप पडला. त्याच्या आधी, पंधरा दिवस झाले, शुक्रवारी दोन बोटं गेली होती. तवा?"

त्या शुक्रवारी धम्मदीपा मानोऱ्याला होती. नमुन्याची दोन पोती तिनं रुमालाखालीच विकली होती. रहमतबी तिच्या चेहऱ्याकडे पाहत नव्हती, हाताकडे पाहत होती. अंगठा पेरांवरून फिरत होता. एक, दोन, तीन, पुढचं बोट.

रहमतबी एक पाऊल मागे सरकली. "ते त्यायचं हाये," ती हळूच म्हणाली.

धम्मदीपा तशीच आत परतली.

"चाचा, आता मी या हातानं सौदा करत नाई."

"येडी झाली काय?" ते हसले. "म्हतारपन हाये हे माह्यं. सत्तरीचा हात आज ना उद्या झोपतेच. सौद्याचा अन् त्याचा काय संबंध? चाचीच्या डोक्यात कायबी येते, तिचं नको आयकू." मग हसू आवरून म्हणाले, "सोमवारी जगदेव तुमच्या गावी येऊन राह्यला. बारा घरचा माल हाये. डावा हात देशीन त्याले? डाव्या हातानं कोनी सौदा करते काय? अपमान समजून उठून जाईन तो. उजवाच दे, बेटा. बिनघोर दे."

बारा घरचा माल, हे चाचांनी सांगायची गरज नव्हती. अठ्ठावीस क्विंटल चिया इंझोरीच्या समाजमंदिरात थप्पी लावून ठेवला होता, आणि प्रत्येक घरात चौदा हा आकडा जाऊन बसला होता. निताच्या नवऱ्यानं तर सरळच सांगितलं होतं. चौदाच्या खाली गेलं तर हे चियाचं खूळ बंद, वावर सोयाबीनला, आणि दिवाळीनंतर दोघांनी जोडीनं ऊसतोडीला जायचं. म्हणजे सातवीतली पोरगी शाळा सोडून उसाच्या फडावर धाकट्याला सांभाळणार. निता हे कुणापाशी रडून सांगत नव्हती. ती फक्त रोज सकाळी समाजमंदिरात येऊन पोत्यांवरून हात फिरवून जात होती.

सोमवारी अकराच्या सुमाराला जगदेवसेठ टेम्पो घेऊन आला. कंपनीची दोन पोरंही आली होती. त्यांनी टॅब पाहून अकरा सांगितले आणि निंबाखाली जाऊन उभी राहिली, कान मात्र इकडेच. बाया भिंतीला टेकून बसल्या. निता सुतळी आणि दाभण घेऊन थप्पीपाशी उभी होती.

सेठ सतरंजीवर बसला आणि त्यानं रुमाल झटकला. धम्मदीपानं पदराखालून हात काढला.

सेठ त्या हाताकडे पाहत राहिला. "हा कोनता हात झाला?"

"माहा हाये," ती म्हणाली.

"डावा?"

"हो."

बायांमध्ये चुळबुळ झाली. सेठ उठतो की काय असं क्षणभर वाटलं. तो उठला नाही. रुमालाची घडी हातातच ठेवून, लहान पोराला विचारावं तसं त्यानं विचारलं, "अन् तो कुठं हाये?"

"तो नाई आज."

"त्याच्यासाठीच आलतो मी, बाई." सेठनं सुस्कारा टाकला. "चाळीस किलोमीटर उन्हात तुमच्यासाठी नाई आलो. राग नका मानू."

तरी त्यानं रुमाल टाकला. धम्मदीपाचा डावा हात घामेजला होता. त्याला काही येत नव्हतं. सेठनं दोन बोटं धरली. तिनं सोडवून पंजा दाबायचा प्रयत्न केला, तो चुकीच्या जागी बसला, आणि सेठनं पुन्हा शांतपणे दोन बोटं धरली. मांडीखाली दाबून धरलेला उजवा हात उघडायला लागला. एकेक बोट सुटत होतं. आपल्या अंगाखाली दुसऱ्याचं काहीतरी जिवंत आहे, असं तिला वाटलं. आत्ता हा हात बाहेर काढला तर चौदा मिळतील, कदाचित पंधरा. तिला ते नक्की माहीत होतं. समोर निता उभी होती आणि तिकडे कामरगावच्या खाटेवर टॉवेलाखाली एक हात पडला होता. ती सगळा भार देऊन त्या बोटांवर बसून राहिली. थोड्या वेळानं बोटं निपचित झाली.

सेठनं रुमाल उचलला.

"किती?" नितानं विचारलं.

"बारा."

नितानं दाभणात सुतळी ओवली आणि पहिल्या पोत्याचं तोंड शिवायला घेतलं. बाकीच्या बाया एकेक करून उठल्या. कुणी धम्मदीपाला बोल लावला नाही, आणि त्यामुळे तिला जास्त लाज वाटली. बाराच्या बारा जणींनी तिच्याकडे पाहायचं टाळलं होतं. आपण यांना काय सांगणार आहोत? एका म्हाताऱ्याच्या हातासाठी, म्हणून?

टेम्पो अर्धा भरला असताना तिचा मोबाइल वाजला. रहमतबी होती. ती रडत होती की हसत होती, हे कळायला वेळ लागला.

"बेटा, हात हालला त्यायचा! आत्ता! सोताच्या हातानं भाकर मोडली, सोताच्या हातानं घास घेतला! मी कालवन वाढून राह्यली होती तं—" मागून चाचांचा आवाज आला, तशी ती म्हणाली, "थांब, त्यायले बोलाचं हाये."

फोन इकडून तिकडे झाला. चाचांचा श्वास ऐकू येत होता. आनंदानं बोलतील म्हणून ती वाट पाहत राहिली.

"कितीत गेला माल?" त्यांनी विचारलं.

दोन हातांवर निता उभी होती. शेवटच्या पोत्याचा टाका घालता घालता ती थांबली होती.

"पंधरा, चाचा," धम्मदीपा म्हणाली.

निताचं दाभण पोत्यात तसंच राहिलं. पलीकडे चाचांनी ताट बाजूला सरकवल्याचा आवाज आला.

"पंधरा?"

"हो. पुरे पंधरा."

"मंग हा हात मले वापस कसा आला, बेटा?" चाचा म्हणाले, आणि त्यांचा आवाज फुटला.