छातीवरचा हात

एमेरिक वासलँला सतराव्या वर्षी पॅरिसच्या पेपरांनी होतकरू टेनिसपटू म्हटलं. एकविसाव्या वर्षीही म्हटलं. पंचविशीत त्याचा खांदा गेला, तेव्हा 'होतकरू वासलँच्या खांद्यावर शस्त्रक्रिया' असा मथळा आला. आता बत्तिसावं वर्ष गाठलं, कपाळावरचे केस मागे सरकले, तरी परवाच्या अंकात तो होतकरूच होता. लोईक बोर्दनाव्हनं तो अंक स्पर्धेच्या कँटीनमध्ये पाहिला, त्यावर पावाचे कण झाडले आणि बायकोला म्हणाला, "हा मरेल ना मोद, तेव्हासुद्धा लिहितील, एका होतकरू म्हाताऱ्याचं निधन."

मोदनं कॉफी ढवळली. तुला कधी कुणी तसं म्हटलं नाही म्हणून तुझं पोट दुखतं, असं ती म्हणाली, आणि वर हसलीही.

ते खरंच होतं. लोईकला कुणीच कधी होतकरू म्हटलं नव्हतं. जगात दोनशेच्या आसपास त्याचा क्रमांक वर्षानुवर्षं असा अडकून पडलेला, जसा विहिरीच्या कपारीत घागरीचा काठ. वारा चेंडू पळवून नेतो अशा गावांत तो खेळला, चार पेन्शनर आणि एक कुत्रं एवढ्याच प्रेक्षकांसमोर खेळला. दर मे महिन्यात पॅरिसला यायचा. मोठ्या स्पर्धेच्या आधी पात्रता फेरी असते. तिथं तीन सामने जिंकले की मुख्य स्पर्धेचं दार उघडतं. लोईकनं त्या दाराचा उंबरा पाहिला होता, दार काही उघडलं नव्हतं. ह्या वर्षी त्यानं मोदला शब्द दिला होता की हे शेवटचं. जूनपासून ब्रीव्ह गावच्या क्लबात मुलांना शिकवायचं कबूल झालं होतं. त्याआधी मुख्य स्पर्धेत एक सामना, फक्त एक. तिथल्या मातीत हरलो तरी चालेल, म्हणायचा. पण मातीत उतरल्याशिवाय घरी जायचं नाही.

पहिले दोन सामने त्यानं दात-ओठ खात काढले. तिसऱ्याला समोर कोण यावं, तर वासलँ. महासंघ दरवर्षी त्याला आपल्या मर्जीनं थेट मुख्य स्पर्धेत बसवायचा. ह्या वर्षी त्यांना दुसरा होतकरू सापडला होता, कोवळा, मिसरूडही न फुटलेला. म्हणून वासलँमहाराज पात्रता फेरीत उतरले होते, आणि उतरतानासुद्धा असे, की आपण इथं पाहुणे आहोत.

लोईकला त्याचं काहीच सोसत नसे. सर्व्हिसच्या आधी केसांवरून फिरणारा हात सोसत नसे, पत्रकारांशी बोलताना आवाजात येणारी ओल सोसत नसे. पण सगळ्यांत जास्त त्याचा जीव जळायचा तो खुणेपायी.

तिथल्या कोर्टवर पसरलेल्या विटांच्या तांबड्या चुऱ्यावर चेंडू पडला की ठसा उमटतो. शंका आली तर पंच उंच खुर्चीवरून उतरून येतो, वाकून ठसा पाहतो, निकाल देतो. आणि ज्याच्या बाजूला चेंडू पडला त्या खेळाडूनंच निकालाआधी पायानं ठसा पुसला, तर त्याचा अर्थ एकच, चेंडू चांगला होता, पॉइंट तुझा, माझी तक्रार नाही. लहानपणी बूट घालायच्या आधी हे शिकवतात. वासलँनं ह्या एवढ्याशा रिवाजाचा देव्हारा केला होता. ठसा पुसायचा, मग उजवा हात छातीवर, मग मान किंचित लववायची, डोळे अर्धे मिटून. स्टँडमधल्या बाया विरघळायच्या. पेपरात यायचं, सभ्य वासलँ, दिलदार वासलँ. लोईकनं मात्र पाहून ठेवलं होतं की हा दिलदारपणा चाळीस-शून्यनं पुढं असतानाच उचंबळून येतो. तेव्हा हा दानशूर कर्ण. तीस-चाळीसनं मागं असला की कर्णाला ठसा दिसायचाच बंद होतो.

"मानभावी," लोईक म्हणायचा. "छातीवर हात ठेवतो ना, तो काळीज जागेवर आहे का ते चाचपायला."

सामना एका कडेच्या कोर्टवर लागला. शेजारच्या कोर्टशी मध्ये नुसतं हिरवं कापड. पहिला सेट वासलँनं घेतला, दुसरा लोईकनं ओढून आणला. तिसऱ्यात ऊन चढलं, वासलँला धाप लागली, आणि लोईक आपला धावतोय, परत टाकतोय, धावतोय, परत टाकतोय. जात्याला लागलेल्या बाईसारखा त्याचा एकच सूर. पाच-चार असा पुढं गेला. सर्व्हिस त्याची. चाळीस-तीस. एक पॉइंट, आणि दार.

सर्व्हिस चांगली पडली. वासलँनं कसाबसा फटका उचलला. चेंडू उंच आला, लोईकच्या मागच्या रेषेकडे गेला आणि रेषेच्या पलीकडे, चांगला चार बोटं बाहेर पडला. वासलँची मान तिकडे आधीच खाली गेली होती. आणि त्याच क्षणी "आउट" अशी हाक आली, खणखणीत.

संपलं. लोईकच्या अंगातून कितीतरी वर्षांचं ओझं सर्रकन उतरलं. आणि त्या मोकळ्या झालेल्या जागेत काय यावं? आनंद यायला हवा होता. आला तो तिरस्कार, दुथडी भरून. आता दाखवतोच ह्याला, असं त्याच्या मनात आलं. तो ठशापाशी गेला. वासलँकडे रोखून बघत त्यानं बुटाच्या टोकानं ठसा हळूच, नजाकतीनं पुसला. उजवा हात छातीवर ठेवला. मान किंचित लववली, डोळे अर्धे मिटून.

मग टाळ्या उठल्या. लोईकनं हात उंचावला, लोकांकडे वळला. लोक उभे राहत होते. मोदनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं आणि तिचे डोळे वाहत होते.

"चाळीस, बरोबरी," पंचबाई म्हणाल्या.

त्याला वाटलं, चुकून म्हणाल्या. तो खुर्चीपाशी गेला. पंचबाईंनी शांतपणे सांगितलं की आपल्या रेषापंचानं काहीच पुकारलं नव्हतं. ती हाक शेजारच्या कोर्टवरची.

"पण बाहेर होता तो, मॅडम."

"तुम्ही ठसा पुसलात, महाशय." मग त्या जरा वाकल्या आणि मायेनं म्हणाल्या, "फार मोठं मन लागतं त्याला."

काय सांगणार? मी थट्टा करत होतो, मॅडम, मी ह्या माणसाला वेडावून दाखवत होतो? हजारभर लोक उभे होते. जाळीपलीकडे वासलँ रॅकेटच्या तारांवर तळहात आपटून टाळ्या देत होता, सावकाश, ओल्या डोळ्यांनी. चेंडू बाहेर गेलेला त्यानं पाहिला होता. त्याच्याएवढं कुणीच पाहिलं नव्हतं. एक शब्द बोलला असता तरी पुरे होतं. तो बोलला नाही. केसांवरून हात फिरवून जागेवर जाऊन उभा राहिला.

पुढचे तीन गेम कसे गेले ते लोईकला नीट आठवत नाही. प्रत्येक चुकीला लोक जास्तच टाळ्या देत होते, एवढं आठवतं.

कपडे बदलायच्या खोलीत वासलँ त्याच्या बाकाशी येऊन थांबला. गळ्यात टॉवेल, चेहऱ्यावर चर्चमधून आल्यासारखा भाव. इकडचं तिकडचं बोलला, लोईकच्या पायांचं कौतुक केलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "बाहेर होता ना रे तो?"

लोईकला कळलं की हा माफी मागायला आलाय. माफी मिळाली की बाहेर जाऊन पत्रकारांना सांगेल, तेही ओल्या आवाजात, आणि उद्याच्या अंकात दिलदार वासलँचा आणखी एक रकाना होईल.

"आत होता," लोईक म्हणाला.

"अरे, मी पाहिला..."

"रेषेवर होता. मी जवळ होतो. जा, आंघोळ कर."

वासलँचे खांदे हलके झाले, दिसतील इतके. त्यानं लोईकच्या पाठीवर थाप मारली आणि शीळ घालत नळाखाली गेला. लोईक बुटाची नाडी हातात धरून बसून राहिला. एवढंसं सुख त्याच्या हातून वासलँला मिळायला नको होतं.

मोद फाटकाशी उभी होती. तिनं त्याची बॅग घेतली, जी ती कधी घेत नसे, आणि मेट्रोकडे चालता चालता त्याच्या दंडाला दंड लावला. वाटेत दोन म्हाताऱ्यांनी टोप्या उचलून त्याला नमस्कार केला. मोद म्हणाली की हरल्याचं तिला काहीच वाटत नाही. "इतकी वर्षं तुझ्याबरोबर कुठं कुठं हिंडले रे मी. का हिंडले, ते आज कळलं."

तिथंच गप्प बसला असता तर चाललं असतं. पण वासलँपाशी एकदा बोललेलं खोटं अजून त्याच्या जिभेवर चिकटलेलं होतं, आणि मोदपाशी त्याला ते बोलवेना.

"बाहेर होता, मोद."

"म्हणजे?"

"चार बोटं बाहेर. मला वाटलं, सामना संपला. मी त्याची नक्कल करत होतो."

मोद थांबली. लोईकनं तिच्याकडे पाहिलं आणि ती नजर ओळखली. वासलँकडे बघताना आपण कसे दिसत असू, ते त्यानं आजवर कधी पाहिलं नव्हतं, ते आता पाहिलं.

तिनं बॅग खांद्यावरून उतरवून त्याच्या पायांशी ठेवली.

"इतक्या वर्षांत एक बॅकहँड नीट जमला नाही तुला," ती म्हणाली. "नक्कल मात्र अशी जमली, की मी रडले."

आणि ती मेट्रोचा जिना उतरायला लागली.