दानुताचं चौथं कडवं

दानुता सोव्हिन्स्काने आयुष्यात एकसष्ट गाणी लिहिली आणि त्यातली जेमतेम दहा-बारा जशी लिहिली तशी गायली. बाकीच्यांवर कुणाची ना कुणाची कात्री चालली. पोलंडमध्ये ती कात्री सरकारची असे. गाणं लिहायचं, टाइप करायचं, सेन्सॉरच्या कचेरीत न्यायचं. तिथला माणूस चहा पीत पीत लाल पेन्सिल फिरवणार, मग शिक्का मारणार, आणि मगच बाईंनी गिटार हातात घ्यायची. तरीही १९७९ साली तिची रेकॉर्ड निघाली, दोन वर्षं विद्यार्थ्यांच्या क्लबांत ती गाजली, आणि मग देशात लष्करी कायदा आला. सरकारी टीव्हीवर येऊन गोड गोड गाणी म्हणा, असा निरोप आला. घसा बसलाय, असं तिने कळवलं. तो घसा अडीच वर्षं बसलेलाच राहिला. शेवटी १९८४ मध्ये ती गिटार आणि एक सुटकेस घेऊन न्यू जर्सीत उतरली.

इथे कात्री नव्हती. इथे मुळात कुणी विचारतच नव्हतं, आणि ते जास्त झोंबायचं. वॉलिंग्टनच्या एका पोलिश बेकरीत तिने अकरा वर्षं केक सजवले आणि शनिवारी लोकांच्या लग्नांत दुसऱ्यांची गाणी म्हटली. आता २००३ साली, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, ती पार्सिपनीत वाद्यांच्या एका दुकानात मागच्या खोलीत गिटार शिकवत होती. शिकणारी निम्मी मुलं भारतीय होती, आणि त्यांना सगळं पुढच्या रिसायटलच्या, म्हणजे पालकांपुढच्या कार्यक्रमाच्या, आत यायला हवं असे.

कात्री लागलेल्या गाण्यांतलं एक मात्र तिला अजून सलत होतं; ते तिने कुठेच पूर्ण गायलं नव्हतं. १९७० च्या डिसेंबरात, भाववाढीविरुद्ध संप पेटलेला असताना, पोलंडमधल्या ग्दिनियाच्या गोदीतल्या कामगारांना टीव्हीवरून सांगितलं होतं, उद्या कामावर या. दानुताचा भाऊ मारेक (आडनाव तेच, फक्त पोलिशमध्ये बाईचं 'स्का', पुरुषाचं 'स्की') एकोणीस वर्षांचा होता. तो सकाळी डबा घेऊन गेला आणि स्टेशनाबाहेर उभ्या असलेल्या सैनिकांच्या गोळीने मेला. गाण्याची पहिली तीन कडवी भावाची सायकल, भावाचे बूट, भावाची शिट्टी अशी होती. सेन्सॉरने ती जाऊ दिली. चौथ्या कडव्यात त्याचं नाव होतं आणि गोळी झाडणाऱ्याला एक प्रश्न होता. ते दर वेळी कापलं गेलं. दर वेळी म्हणजे सहा वेळा. हा आकडा ती झोपेतही सांगू शकली असती.

त्या वर्षी वॉलिंग्टनच्या पोलिश हॉलने तिच्याकडे स्वतःचं गाणं मागितलं. अकरा नोव्हेंबर हा पोलंडचा स्वातंत्र्यदिन आणि अमेरिकेत माजी सैनिकांचा दिवस. हॉलवाले आधीच्या रविवारी दोन्ही दिवस एकाच सँडविचवर उरकत. हॉलचा अध्यक्ष लेशेक सत्तरीचा, छातीवर बिल्ले लावून हिंडणारा, पण मनाने वाईट नाही. तो म्हणाला, "शब्द आधी पाठव. इंग्रजी भाषांतरासकट. आपल्या नातवंडांना पोलिश कुठे कळतं! कमिटी एकदा नजर टाकेल, बाकी काही नाही."

नजर टाकेल म्हटल्याबरोबर दानुताचे कान टवकारले. आता तिच्या धंद्यातली एक जुनी युक्ती सांगायला हवी. पोलंडमधले सिनेमावाले आणि गाणारे सेन्सॉरसाठी मुद्दाम एक भलतीच गोष्ट घुसडत. तिला म्हणत पांढरं कुत्रं. कुत्रं इतकं डोळ्यांत खुपायचं की साहेब तेच पकडायचे, कापायचे, आपण काम केलं म्हणून खूश व्हायचे, आणि खरी गोष्ट मागच्या दाराने निसटायची. चौथ्या कडव्याच्या बाबतीत ही युक्ती सहाही वेळा फसली होती, पण तो सेन्सॉर पगारी होता. ही तर हॉलची कमिटी. दानुता जोरात कामाला लागली.

इंग्रजी लिहायला तिने प्रतिमाला धरलं. प्रतिमा तिच्याच बिल्डिंगमध्ये राहायची, नागपूरची, इंग्रजीची एम. ए.; नवऱ्याच्या, शंतनूच्या, व्हिसावर आल्यामुळे तिला नोकरी करायची परवानगी नव्हती. ती दानुताला मावशी म्हणे, कारण वयाने मोठ्या बाईला नुसत्या नावाने हाक मारणं तिच्या जिभेला जमेना. दानुतालाही ते मानवलं होतं.

दानुता सांगत असलेला अर्थ टाइप करता करता प्रतिमाने हात थांबवले. "मावशी, हे पाचवं कडवं कसलं? 'अमेरिके, तुझा पाव म्हणजे उशी, खाऊ की डोक्याखाली घेऊ?' भावाच्या गाण्यात हे कुठून आलं?"

"ते कापण्यासाठी आहे," दानुता ऐटीत म्हणाली. "ज्या देशाने थारा दिला त्याची टिंगल! लेशेक चवताळून उठेल बघ. त्याच्या नादात चौथं कडवं कुणी वाचणारच नाही."

"पण हे तर आम्ही रोज बोलतो. इथला पाव खाऊन शंतनू रोज वैतागतो. मला नाही वाटत कुणी कापेल."

दानुताने हात झटकला. कालची पोर मला सेन्सॉर शिकवतेय, असा तिचा चेहरा झाला. आणि इथेच बाई तोंडघशी पडल्या. वीस वर्षं अमेरिकेत काढूनही सगळ्या कमिट्या एकाच गोष्टीला घाबरतात, असं त्या धरून चालल्या होत्या.

आठवड्याने लेशेकने तिला हॉलवर बोलावलं. पाववालं कडवं वाचून कमिटी पोट धरून हसली होती. त्यातल्या प्रत्येकाने पहिल्या वर्षी त्या पावाला शिव्या घातल्या होत्या. "ते ठेव," लेशेक डोळे पुसत म्हणाला. मग त्याने कागद उलटा केला आणि आवाज खाली आणला. "चौथं गाळ."

"का?"

"ग्राझिना पुढच्या रांगेत बसणार आहे." ग्राझिना म्हणजे त्याची मुलगी. "तिचा मुलगा इराकमध्ये आहे, दानुता. माझा नातू. एकोणीस वर्षांचा आहे. आणि तू तिच्या तोंडावर गाणार, गोळी झाडणाऱ्या पोरा, आईला काय सांगितलंस?"

"ते तुमच्या नातवाबद्दल नाही."

"ऐकणाऱ्या आईला तसंच वाटेल. नाहीतर गाऊच नकोस."

दानुताने गाण्याचा कागद उचलला. तिला त्याचं दुःख कळलं, आणि कळलं म्हणूनच जास्त राग आला. पगारी सेन्सॉरचा द्वेष करणं सोपं होतं. त्याला नातू नव्हता. ती पार्किंग लॉटमध्ये गाडीत बसून स्टिअरिंगवर मुठी आपटत राहिली, मग शांतपणे घरी गेली.

प्रतिमाला समजलं तेव्हा ती उसळलीच. "मी पूर्ण गाणं छापून आणते. चारही कडवी. दारातच वाटते, बघू कोण अडवतं!"

तिला बोलवायला आलेला शंतनू दानुताच्या दारातच उभा होता. तो मराठीत म्हणाला, "ए प्रतिमा, कशाला त्या लफड्यात पडतेस यार? व्हिसावर आहोत आपण. कुणी कम्प्लेंट केली म्हणजे? लो प्रोफाइल ठेव जरा."

"लो प्रोफाइल ठेवून ठेवून मी दिसेनाशी झालेय शंतनू," प्रतिमा म्हणाली. शंतनूने किल्ल्या या हातातून त्या हातात घेतल्या.

दानुताला मराठी येत नव्हतं, पण 'व्हिसा' आणि 'कम्प्लेंट' हे शब्द आणि तो घाबरा सूर तिला नीट कळला. तिने प्रतिमाच्या हातातला कागद काढून घेतला. "छापू नकोस काही. कागदावर आयुष्यभर दुसऱ्यांनीच सह्या केल्या. कागद त्यांना लखलाभ. तू फक्त ऐकायला ये."

रविवारी दुपारी हॉल भरला. छोटी झेंडी, कोबीची भाजी, मुलांची पळापळ. प्रतिमा मागून तिसऱ्या रांगेत बसली, आणि शंतनूही आला होता, बाहेर पडायच्या दाराजवळची खुर्ची पकडून. लेशेकचं भाषण झालं, पोलिश राष्ट्रगीत झालं, अमेरिकन झालं. मग दानुता गिटार घेऊन वर गेली. एवढ्या लोकांपुढे स्वतःचे शब्द म्हणायला ती बावीस वर्षांनी उभी राहत होती.

तिने सायकल गायली, बूट गायले, शिट्टी गायली. म्हाताऱ्या बायकांच्या माना डोलू लागल्या. पावाचं कडवं तिने गाळलंच. ते भावाच्या गाण्यात कधी नव्हतंच, आणि आता त्याची गरजही नव्हती. तिने श्वास घेतला.

"सतरा डिसेंबर, सकाळची वेळ, मारेक डबा घेऊन निघाला..."

लेशेकने हात वर केला आणि माइक बंद झाला. मागच्या रांगेला फक्त गिटारची किणकिण ऐकू येऊ लागली. दानुताने गिटार खुर्चीवर ठेवून दिली आणि स्टेजच्या पायऱ्या उतरून ती खुर्च्यांच्या मधल्या वाटेत आली. लग्नांच्या मांडवात बँडवर आवाज चढवून कमावलेला तिचा गळा. त्याला माइकची काय मातब्बरी!

"गोळी झाडणाऱ्या पोरा, तूही एकोणीसचाच असशील. घरी गेलास तेव्हा आईला काय सांगितलंस?"

टाळी पडली नाही. पुढच्या रांगेतून ग्राझिना उठली, लालबुंद चेहऱ्याने, आणि दाराकडे चालू लागली. दानुताला वाईट वाटलं. तिची आईसुद्धा मारेकची बातमी आली तेव्हा अशीच खोलीतून उठून गेली होती. पण वाईट वाटलं म्हणून शब्द परत गिळायचे असते तर ते सहा वेळा गिळून झालेच होते.

लेशेक तरातरा जवळ आला. "या हॉलमध्ये तू पुन्हा कधी गाणार नाहीस. हे शेवटचं."

"मग अजून एकदा म्हणते," दानुता म्हणाली.

ग्राझिना दाराशी पोचली होती. तिने दाराच्या मुठीवर हात ठेवला, पण दार ढकललं नाही. शंतनू तिच्यासाठी खुर्ची मोकळी करून उठून उभा राहिला. ती बसली नाही, वळलीही नाही. पाठ करून तशीच थांबली.

दानुताने त्या पाठीकडे बघून चौथं कडवं पहिल्या शब्दापासून पुन्हा धरलं. आवाज तिने जराही खाली आणला नाही. मारेकच्या नावापाशी आल्यावर ती चाल सोडून थांबली, आणि सगळ्यांना नीट ऐकू जाईल असं, आडनावासकट म्हणाली, "मारेक सोव्हिन्स्की."

मग पुढची ओळ गायली.