बरे आहेत

"तुमच्याच तोंडचे शब्द आहेत, मावशी." कारकुनाने फाइल तिच्याकडे फिरवली. ‘पत्नीच्या सांगण्यानुसार, बरे आहेत.’

शिवणकाम करून घर चालवणारी ती बाई बघतच राहिली. मागच्या वर्षी तपासनीस दारात आला होता. "काय, कसे आहेत मालक?" असं त्याने विचारलं आणि तिने दोऱ्याची गाठ मारता मारता म्हटलं, "बरे आहेत." दारात आलेल्या माणसाला कुणीही हेच सांगतं. त्या शहाण्याने आत डोकावूनही पाहिलं नाही. आत तिचा नवरा होता, अर्धं अंग लुळं पडलेला. त्याचा अपंग भत्ता त्या दोन शब्दांनी बंद झाला. नव्या अर्जावर तो परत सुरू झाला, पण मधले अकरा महिने बुडाले.

"अहो, बरे आहेत म्हणजे बरे झाले असं नाही!"

"कागदाला ते कळत नाही. मागच्या तारखेपासून हवा असेल तर फेरतपासणी मागा."

तिने मागितली. त्या पैशांतून हवेची गादी घ्यायची होती. नवऱ्याच्या पाठीवरच्या जखमा आता बघवत नव्हत्या.

पंधरा दिवसांनी तपासणीसाठी एक मॅडम आल्या. पलंगाशेजारी बसून म्हणाल्या, "त्या अकरा महिन्यांत यांची काय अवस्था होती? काही लपवू नका."

तिने लपवलं नाही. अंथरुणातच होणं, दिवसातून तीनदा चादर बदलणं, गालात साठलेला घास बोट घालून काढणं, लहान पोरासारखं रडणं, सगळं सांगत सुटली. "एक दिवससुद्धा सुधारणा नव्हती हो," ती म्हणाली.

पलंगावरचा माणूस ऐकत होता. एके काळी तो लिफ्ट दुरुस्त करायचा. अडकलेल्या माणसांना वरून धीर द्यायचा. त्याला मात्र धीर देत आली होती बायको. "सुधारताय तुम्ही," असं ती त्याला रोज सांगायची.

"काका, खरं आहे का हे?" मॅडमनी मायेने विचारलं. "तेव्हा कसे होतात तुम्ही?"

एक शब्द काढायला त्याला घाम फुटायचा. त्याने बायकोकडे पाहिलं, मग मॅडमकडे.

"ब… बरा… होतो."

"अहो, काय बोलताय? तुमच्या गादीसाठी चाललंय हे!"

"बरा होतो." या वेळी शब्द स्वच्छ आले.

मॅडमनी लिहून घेतलं. "स्वतःच सांगितलं त्यांनी. आता माझ्या हातात काही नाही, ताई."

दार लागलं. दर दोन तासांनी त्याची कूस बदलावी लागे, आणि ती वेळ झाली होती. घड्याळाकडे बघून ती शिलाई मशीनवर जाऊन बसली.

त्यानेही हाक मारली नाही.