वाळवणाची पहारेकरीण

मी चंद्रभागाबाईची पितळी परात बोलतेय. माझ्या काठाला एक मोठा पोचा आहे. त्याची गोष्ट ऐका, मग खुशाल मला माळ्यावर टाका!

नाशिकच्या तांबट आळीत हातोड्या खाऊन मी घडले. बाईनं मला मनमाडला रेल्वेच्या चाळीत नेलं. कणीक मळणं, तांदूळ निवडणं, एवढंच माझं जग. पण चौऱ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात रेल्वेचा संप झाला, आणि मी हेर झाले. हो, हेर!

संपवाल्यांना धरायला पोलीस चाळीत शिरायचे. गडीमाणसं मळ्यांत लपलेली. मग राखण बायकांनी घेतली. दिवस वाळवणाचे. अंगणात पापड पसरायचे, कावळे हाकायला बसायचं आणि नजर रस्त्यावर. पोलीस दिसला की कावळ्यांच्या नावानं मला बडवायचं, म्हणजे चोरून घरी येणारा गडी वाटेतूनच मागं फिरायचा. "हाऽड मेल्या! चोचीला आग लागो तुझ्या!" पोलिसाला तोंडावर शिव्या, अन् त्याला पत्ता नाही!

बाईचा लेक सावळीराम लपलेल्यांत होता. त्याच्या विठाला मुलगी झालेली. पाचवीच्या दुपारी तो लेकीचं तोंड बघायला येणार होता.

आणि नेमका त्याच दुपारी मागच्या बाजूनं हवालदार आला! आल्या आल्या मला हिसकावून घेतलं.

"आज परात वाजली तर समद्या आत जाल!" मला मांडीवर घेऊन तो ओट्यावर बसला.

बाईचं तोंड मात्र गोड. "बसा की दादा. तेवढे बूट काढा. वाळवणाजवळ चालत नाय."

"माझी आईबी हेच म्हणती," हवालदार हसला. बूट निघाले. बाईनं पापडाची लाटी दिली. तो लाटी चघळतोय तोवर शेजारच्या सगुणाबाईनं बूट घरात नेऊन ठेवले आणि बकरी सोडली.

"अहो बाई, बकरी! पापड खातीय!"

"खाऊ दे. परात वाजवायची नाय. तुमचाच हुकूम."

"तोंडानं हाका की!"

"हाड गं," बाई इतकं हळू म्हणाली, की बकरीला वाटलं आग्रहच चाललाय.

हवालदार उठला, एक पाय फरशीवर टाकला आणि "आई गं!" करून ओट्यावर परतला. वैशाखातली फरशी ती! बकरीनं दुसरी रांग धरली. उडदाचे पापड, पोळपाटावर हात मोडून लाटलेले. शेवटी हवालदारही कुणाचा तरी लेकच. त्याला बघवेना. त्यानं मला उंच धरलं आणि दांडक्यानं बडवलं. धण्! धण्! धण्!

काय घुमले मी! काठाचा पोचा पडला तो तेव्हाच. वरून मला पार पाण्याच्या टाकीपर्यंत दिसत होतं. तिथं डोक्यावर गवताचा भारा घेतलेला माणूस थबकला, वळला, आणि आल्या वाटेनं निघून गेला.

कोपऱ्यावर दबा धरलेला फौजदार धावत आला. "कुणी वाजवली परात?"

सगळ्या बायकांनी तोंडाला पदर लावला आणि हवालदाराकडे बोट केलं.

संप मिटल्यावर सावळीरामनं लेकीला पहिल्यांदा कडेवर घेतलं. नोकरी गेली, पण तुरुंग टळला. आता सातपूरला कारखान्यात आहे. घरात स्टीलची भांडी आलीत. तीच लेक परवा म्हणाली, "आजी, मोडीत दे ही परात, नाहीतर पोचा तरी ठोकून घे."

"पोच्याला हात लावायचा नाय," बाई कडाडली. "त्या पोच्यापायी तुला बाप मिळाला."

माझं एवढंच मागणं. उद्या मला मोडीत घातलंत तरी चालेल, पण वजनाला लावण्याआधी एकदा वाजवा. दांडक्यानं, जोरात! कुठंतरी एखादा सावळीराम वाटेतून मागं वळेल.