आरामखुर्ची : सहा नग

"दोनशे पेल्यांना दोनशे नंबर! बारसं घातलंय जसं काही!" मालनबाईंनी स्टीलच्या पेल्यावरचा स्टिकर नखाने खरवडला. "निघता निघत नाही. भांडीवाल्या प्रेमाचे हात सोलले घासून घासून. हा काय चाळा, सूनबाई?"

घरात सुना तीन; मालनबाईंची हाक तिघींना एकच. चारकोपच्या गाळ्यातून त्या शूटिंगला सामान भाड्याने देत. धाकटी मानसी पवईतली नोकरी सोडून सगळं सामान कॉम्प्युटरवर चढवत होती. आज पहिल्यांदाच तिच्या यादीवरून सामानाचा टेम्पो मढच्या बंगल्यावर, शूटिंगला गेला होता. घोळ झाला तर यादी बंद, असं मालनबाईंनी बजावलं होतं.

"आई, क्लास म्हणजे प्रकार. इन्स्टन्स म्हणजे त्यातला एकेक नग. कुठे नुसता प्रकार धरायचा आणि कुठे एकेक नग, हेच तर..."

फोन वाजला. मढच्या बंगल्यातून मालिकेचं सामान बघणारा हर्षद ओरडत होता.

"वहिनी, ही ती खुर्ची नाही! मागच्या भागात कुत्र्याने हात चावलेली होती. आजोबा त्या दातांच्या खुणांवर बोट फिरवून रडतात, तोच सीन आहे! तासाभरात आणा, नाहीतर पुढचं सामान दुसरीकडून."

मानसीने पडद्यावर पाहिलं. आरामखुर्ची : सहा नग. बस, एवढंच. तिचा चेहरा पडला.

मालनबाईंनी पदर खोचला. कोपऱ्यात उरलेल्या पाच खुर्च्यांच्या हातांवरून त्यांचा तळवा भराभर फिरला. चौथीवर थांबला.

"धर!"

मानसीने दुसरी बाजू उचलली. चप्पल एकीकडे, ओढणी एकीकडे; दोघी खुर्ची घेऊन गल्लीच्या टोकाच्या टेम्पो-स्टँडपर्यंत पळाल्या.

"खंडू, टेम्पो काढ रे!"

पन्नासाव्या मिनिटाला हर्षदचा फोन आला. खुर्ची लागली होती, आजोबा रडत होते. मानसी हसली आणि मग लॅपटॉप मिटू लागली.

"बंद करते यादी. तसंच ठरलं होतं ना."

"उघड तो डबा!" मालनबाई उरलेल्यातल्या एका खुर्चीत धापा टाकत बसल्या. "खुर्च्यांना घाल नंबर. हिचा वेत फाटलाय, तिचा पाय डुगडुगतो. शूटिंगवाले 'तीच पाठवा' म्हणून मागतात."

"आणि पेले?" मानसीची बोटं धावायला लागली होती.

"पेले कोण ओळखून मागतं? नुसते मोज. ज्या दिवशी मालिकेतली सून एका पेल्यातून विष पिईल ना, त्या दिवशी त्या एकाला दे नंबर."

मानसी टाइप करायची थांबली. "आई, हे मला दोन महिने सुचत नव्हतं!"

"अक्कल अर्धीच आहे तुला," मालनबाईंनी घाम पुसला. "पण खुर्ची घेऊन पळालीस झकास, मानसी."